उड्डाणाचे शिक्षण आणि अप्रमादाचा संस्कार

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



पन्नास वर्षे पूर्ण होणे हा कोणत्याही संस्थेच्या जीवनातील कृतार्थतेचा क्षण असतो. भारतीय विमानसेवेच्या इतिहासातही असा एक सुवर्णमहोत्सव होऊन गेला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ जातीच्या एका छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. त्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा स्वतः केले. भारतात देण्यात आलेला वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्याच नावे झाला होता. तथापि पहिल्या परवान्याच्या धन्यालाही उड्डाणापूर्वीची तपासणी माफ नसते. कालचे यश आजच्या उड्डाणाला उपयोगी पडत नाही. प्रत्येक वेळी सावधानता नव्याने सिद्ध करावी लागते. वैमानिकाच्या शिक्षणाचे मर्म या एका गोष्टीत सामावलेले आहे.

जैन समाजाचा आणि या विद्येचा संबंध आजचा नाही. सोलापूरच्या भूमीत १८८२ मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. पुढे शासनाने ती आपल्याकडे घेतली आणि तीच आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स होय. त्या कारखान्यातून १९४१ मध्ये जे पहिले विमान बाहेर पडले, ते हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान होते. दहा वर्षांनंतर, १९५१ मध्ये, त्याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले एचटी-२ हे विमान आकाशात झेपावले, तेही शिकाऊ वैमानिकांसाठीच. देशाला उडायचे असेल तर प्रथम शिकवणारे विमान हवे, असाच जणू हा क्रम होता.

असे असूनही या विषयाबद्दल समाजात एक संकोच आढळतो. पूज्य साधु-साध्वी वाहनाचा त्याग करून आजन्म पायी विहार करतात. मग त्यांच्या उपदेशाने चालणाऱ्या समाजाने आपल्या मुलांना विमान चालविण्यास पाठवावे काय, असा प्रश्न काही ज्येष्ठ मंडळी विचारतात. साधूंची महाव्रते आणि श्रावकांची अणुव्रते यांतील भेद शास्त्रकारांनीच स्पष्ट केला आहे, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक विचार करण्याजोगे आहे. साधू विहार करताना ईर्यासमितीचे पालन करतात. पुढील चार हात भूमी नीट न्याहाळून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा बेताने ते पाऊल टाकतात. शिकाऊ वैमानिकालाही पहिल्या दिवसापासून दृष्टी कशी फिरवावी हेच शिकविले जाते. बाहेरचे आकाश, क्षितिज, वेग, उंची, दिशा, पुन्हा बाहेरचे आकाश, असा क्रम सतत चालू ठेवायचा आणि नजर कोठेही खिळू द्यायची नाही. व्यवहार वेगळा असला तरी अप्रमादाचा हा संस्कार जैन घरातील मुलाला परका वाटण्याचे कारण नाही.

हे शिक्षण प्रत्यक्षात कसे असते, याची माहिती पालकांना असणे आवश्यक आहे. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी, खाजगी वैमानिकाचा सतराव्या वर्षी आणि व्यावसायिक वैमानिकाचा अठराव्या वर्षी मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र व गणित हे विषय उत्तीर्ण असण्याची अट १९९०च्या दशकापासून चालत आली. ती शिथिल करण्याचा विचार २०२५ मध्ये पुढे आला. म्हणून प्रवेशाच्या वेळी लागू असलेला नियम प्रत्येकाने स्वतः पाहून घ्यावा. परवाना मिळण्यासाठी किमान २०० तास उड्डाण करावे लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी विद्यार्थ्यावर असावी लागते. दूरच्या विमानतळांवर जाऊन येण्याचे २० तास, केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याचे १० तास आणि रात्रीच्या उड्डाणाचे ५ तास यांत यावे लागतात. जोडीला विमानमार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या परीक्षा असतात. त्यांत उत्तीर्ण होण्यासाठी शेकडा ७० गुण लागतात. रेडिओवरून संभाषण करण्याची परीक्षा निराळी असते. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, शिरपूर, धुळे या ठिकाणांची नावे या शिक्षणाशी जोडली गेली आहेत.

ही झाली आकड्यांची बाजू. खरे शिक्षण पहाटेच्या धावपट्टीवर सुरू होते. विद्यार्थी विमानाभोवती फिरून प्रत्येक भाग हाताने तपासतो. टाकीतील थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून त्यात पाणी मिसळले आहे काय, ते पाहतो. मग प्रशिक्षकाशेजारी बसून उडणे, एक फेरी घेणे, उतरणे, पुन्हा उडणे, हा क्रम कित्येक दिवस चालतो. उंचावर नेऊन वेग मुद्दाम इतका कमी केला जातो की पंखांची उचल नाहीशी होऊन विमान खाली झुकते. त्यातून सावरण्याचा सराव करून घेतला जातो. प्रशिक्षक अकस्मात इंजिनाची शक्ती काढून घेतो आणि कोणत्या शेतात उतरणार, असा प्रश्न करतो. असे करता करता एके दिवशी प्रशिक्षक विमानातून उतरतो आणि विद्यार्थ्याला एकट्याने जाण्यास सांगतो. शेजारचे आसन रिकामे असते. त्या दहा-पंधरा मिनिटांत त्याला आपल्या ज्ञानाची आणि अज्ञानाचीही पुरती ओळख होते.

उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण तर तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही उद्बोधक वाटावे. ढगांत शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते. विमान हळूहळू एका बाजूस वळत असले तरी कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ते सरळ जात असल्याचा निर्वाळा देते. त्या संवेदनेवर विश्वास ठेवणारा वैमानिक थोड्याच वेळात विमानावरील ताबा गमावतो. इंद्रिये सांगतात ते सत्य मानू नये, समोरील उपकरणे परस्परांशी ताडून पाहावीत आणि मनाला पटत नसले तरी त्यांचेच ऐकावे, हे पुनःपुन्हा सराव करूनच अंगवळणी पडते.

या विद्येने नम्रताही मोठी किंमत देऊन शिकली आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक नवे बॉम्बफेकी विमान चाचणीच्या वेळी उडताच कोसळले. ते चालविणारा अत्यंत निष्णात वैमानिक होता. परंतु सुकाणूंना जमिनीवर असताना लावलेली अडकण काढण्याचे राहून गेले होते. यावर उपाय म्हणून अधिक हुशार वैमानिक शोधण्यात आला नाही. करावयाच्या गोष्टींची एक यादी तयार झाली आणि ती प्रत्येक वेळी वाचून पाहण्याचा दंडक पडला. हीच आजची चेकलिस्ट होय. तीस वर्षांचा अनुभव असलेला कॅप्टनही ती पाठ म्हणत नाही, वाचतो.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. परवानगी मिळण्यापूर्वीच विमान धावपट्टीवर दौडविणारा कॅप्टन हा त्याच्या कंपनीतील ज्येष्ठ प्रशिक्षक होता. समोरची धावपट्टी मोकळी झाली आहे ना, अशी शंका त्याच्या मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने व्यक्त केली होती. ती बाजूला सारली गेली. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे झालेल्या अपघातात १५८ प्रवासी व कर्मचारी दगावले. त्या वेळीही सहवैमानिकाने उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्याविषयी सांगितले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्याच चौकशीत कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता, हेही उघड झाले.

या घटनांतून वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा विषय प्रविष्ट झाला. कनिष्ठाने आपली शंका स्पष्टपणे बोलून दाखवावी आणि ज्येष्ठाने ती मान राखून ऐकावी, हे आता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकविले जाते. आपल्याला दिसते तेवढेच सत्य नव्हे, शेजाऱ्याला दिसणारी बाजूही सत्याचाच अंश असू शकते, हा अनेकांतवादाचा सिद्धांत जैन मुलगा पाठशाळेत ऐकतो. परंतु ज्या घरात वडिलांपुढे बोलण्याची मुलाला मुभा नाही, त्या घरातून तो सिद्धांत पुस्तकातच राहतो. असा मुलगा उद्या कॅप्टनपुढे तरी कसा बोलणार?

येथे या व्याख्यानाच्या मुख्य मुद्द्याकडे येणे क्रमप्राप्त आहे. वैमानिकाच्या शिक्षणातील सर्वांत कठीण विषय कोणता, असे विचारले तर सामान्यतः गणित, इंग्रजी किंवा हवामानशास्त्र असे उत्तर दिले जाते. वस्तुतः सर्वांत कठीण विषय आहे तो खरे बोलण्याचा. प्रत्येक वैमानिकाजवळ उड्डाणाची नोंदवही असते. तिच्यात लिहिलेला प्रत्येक तास खरोखर आकाशात गेलेला असला पाहिजे. न केलेले उड्डाण लेखणीने करण्याचा मोह या क्षेत्राला अपरिचित नाही. २०११ मध्ये देशात एक प्रकरण उघडकीस आले. गोव्याच्या विमानतळावर एका विमानाचे पुढचे चाक आधी टेकले, म्हणून वैमानिकाची कागदपत्रे तपासली गेली आणि परीक्षेची गुणपत्रिकाच बनावट असल्याचे दिसून आले. पाठोपाठ आणखीही काही नावे पुढे आली आणि वैमानिकांना अटक झाली. परीक्षेतील कॉपी अन्य व्यवसायात कदाचित झाकली जाईल. येथे पाठीमागे दीडशे कुटुंबांचा विश्वास बसलेला असतो. सत्य आणि अचौर्य ही व्रते येथे निव्वळ परलोकाच्या हिशेबाची राहत नाहीत.

आपली चूक स्वतः होऊन सांगण्याची सोय जगाने विचारपूर्वक निर्माण केली आहे. अमेरिकेत १९७६ पासून अशी व्यवस्था आहे की वैमानिकाने आपल्या हातून घडलेली चूक गोपनीय रीतीने कळवावी. जाणूनबुजून केलेला गुन्हा अथवा अपघात नसेल तर त्या सांगण्यासाठी त्याला बहुधा दंड होत नाही आणि त्या माहितीतून इतर जण शहाणे होतात. जैन आचारात आलोचनेचे स्थान नेमके हेच आहे. गुरूपुढे दोष उघड करायचा, तो निर्भयपणे करता यावा म्हणून गुरूने गंभीरपणे ऐकायचा आणि मग प्रायश्चित्त घेऊन पुढे जायचे. ज्याला प्रतिक्रमणाचा अर्थ कळला, त्याला उड्डाणानंतर प्रशिक्षकासमोर बसून आपल्या चुका मोजण्याची लाज वाटू नये.

लाज वाटते ती बहुधा पैशामुळे. आज भारतात व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च सुमारे चाळीस ते पन्नास लाखांच्या घरात, काही ठिकाणी त्याहूनही पुढे जातो. त्यानंतर एअरबस वा बोइंगसारखे विशिष्ट विमान चालविण्यासाठी टाइप रेटिंग घ्यावे लागते. त्याचे आणखी पंधरा-वीस लाख धरावे लागतात. एवढे करून नोकरीची हमी नसते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये देशातील मोठ्या विमान कंपन्या बंद पडल्या. २०२० मध्ये महामारीने विमाने जमिनीवर खिळवून ठेवली. परवाना हाती असलेले कित्येक तरुण त्या काळात घरी बसून होते. मध्यम स्थितीतील व्यापारी कुटुंब दुकान वा राहते घर तारण ठेवून मुलाला पाठवते, तेव्हा त्या मुलाच्या खांद्यावर सामानाबरोबर हे ओझेही असते. एखाद्या परीक्षेत अपयश आले, उतरताना भीती वाटू लागली, रात्री झोप लागेनाशी झाली, तरी तो घरी सांगत नाही. लपविण्याचे शिक्षण असे घरापासूनच सुरू होते.

याचे टोक कोठवर जाऊ शकते हे २४ मार्च २०१५ रोजी जगाने पाहिले. बार्सिलोनाहून निघालेले विमान सहवैमानिकाने हेतुपुरस्सर फ्रान्समधील आल्प्स पर्वतावर आदळविले आणि १५० जीव गेले. त्याने आपला मानसिक आजार कंपनीपासून लपविला होता. उड्डाणाचा हक्क गमावण्याची भीती आणि उत्पन्न बुडण्याची चिंता यांमुळे असे आजार दडविले जातात, असे चौकशी अहवालाने नमूद केले. प्रशिक्षणासाठी त्याने कर्ज काढले होते, याचीही त्यात नोंद आहे. कर्ज हे त्या दुष्कृत्याचे कारण होते असे म्हणणे सर्वस्वी अन्यायाचे होईल. आजारी माणूस म्हणजे धोकादायक माणूस असेही मुळीच नव्हे. तथापि सत्य सांगण्याची किंमत जेथे फार मोठी होते, तेथे सत्य सांगितले जात नाही, हा बोध पालकांनी आणि दात्यांनी घ्यावयास हवा.

म्हणून काही व्यवहारी सूचना येथे नोंदविणे उचित ठरेल. पहिली सूचना अशी की, कोणतेही शुल्क भरण्यापूर्वी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. चष्मा असणे हा सहसा अडथळा ठरत नाही, परंतु रंग ओळखण्यातील दोष, हृदयाचे वा कानाचे विकार यांचा निकाल आधी लागलेला बरा. दुसरी सूचना म्हणजे प्रशिक्षण संस्था निवडताना जाहिरातीवर विसंबू नये. प्रत्यक्ष जाऊन उडण्याजोगी विमाने किती, प्रशिक्षक किती, आणि आधीच्या विद्यार्थ्यांचे २०० तास किती महिन्यांत पूर्ण झाले, हे विचारावे. २०२५ पासून महासंचालनालय अशा संस्थांची श्रेणीवार यादी प्रसिद्ध करू लागले आहे, तीही पाहावी. तिसरी सूचना, संपूर्ण शुल्क एकरकमी भरण्याचे टाळावे. चौथी, पत्राद्वारे का होईना, एखादी पदवी जोडीला चालू ठेवावी. पाचवी सूचना मुलींच्या पालकांसाठी आहे. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिला कर्मचारी असलेल्या विमानाचे कोलकाता ते सिलचर उड्डाण केले. त्याला चार दशके उलटली असता, मुलीने हे क्षेत्र निवडावे काय, हा प्रश्न आता शिल्लक राहू नये. कस मुलासाठी आणि मुलीसाठी एकच असावा.

ट्रस्टसारख्या संस्थांचे कर्तव्य याहून नाजूक आहे. शिक्षणासाठी दान ही या समाजाची जुनी ओळख. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गरिबाच्या मुलाला स्वाभिमानाने शिकता यावे म्हणून श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. तोच स्वाभिमान वैमानिक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही जपला जावा. साहाय्य टप्प्याटप्प्याने द्यावे. वैद्यकीय तपासणी, पहिले एकल उड्डाण, लेखी परीक्षा असे टप्पे त्यास असावेत. परतफेड नोकरी लागल्यानंतर सुरू व्हावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा मार्ग आपल्यासाठी नाही असे ज्या विद्यार्थ्याला मध्येच उमगेल, त्याने ते निःसंकोच सांगावे व संस्थेने त्याला अपयशी न समजता दुसऱ्या शिक्षणाकडे वळण्यास हात द्यावा. योग्य वेळी उतरणे रद्द करून पुन्हा वर जाणाऱ्या वैमानिकाला कोणी भित्रा म्हणत नाही. मग योग्य वेळी मार्ग बदलणाऱ्या मुलाला तरी का म्हणावे?

विमानविद्येच्या इतिहासातील एका प्रसंगाचे स्मरण येथे उपयुक्त ठरेल. भारत व इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी पारितोषिक जाहीर केले होते. १९३० मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून, तर अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी पुढे निघाला, पारितोषिक त्यालाच मिळाले आणि कालांतराने तो भारताचा वायुसेनाध्यक्ष झाला.

दान कसे असावे, याचा हा वस्तुपाठ आहे. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या उड्डाणावर आपला हक्क सांगितला नाही आणि त्याच्या मनावर ओझेही ठेवले नाही. पन्नास वर्षांची पुण्याई गाठीशी असलेल्या या ट्रस्टच्या साहाय्याने उद्या एखादा विद्यार्थी वा विद्यार्थिनी आकाशात जाईल, तेव्हा त्याच्या नोंदवहीतील प्रत्येक ओळ खरी असावी आणि ती खरी लिहिण्याचे धैर्य त्याला आपल्या घराने व समाजाने दिलेले असावे, हीच या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी सदिच्छा.

जय जिनेंद्र.